जास्तीचं तेल

खरं म्हणजे भांडण हवेचं होतं. गाडीच्या इंजिनाने हवा कुठून आणि कशी घ्यावी, यावरून सासरे-जावयाचं दोन महिने वाजत होतं, आणि त्यात दोघांनाही मजा येत होती. निदान जावयाला तरी येत होती.

जावई गणिताचा मास्तर. त्याने आपल्या गाडीसाठी बाजारातून हवा ओढायचा नवा इनटेक आणला: चकचकीत रुंद पाइप आणि टोकाला लाल तेल दिलेल्या सुती कापडाचा शंकूसारखा फिल्टर. सासरा तीस वर्षांचा गाड्यांचा मिस्त्री. त्याने ते प्रकरण हातात घेतलं आणि नाक मुरडलं. "अहो जावईबापू, कंपनीचा फिल्टरचा डबा काळा नि कुरूप असेल, पण तो हेडलाइटमागून गार हवा घेतो. तुमचं हे उघडंबोडकं बॉनेटमधलीच तापलेली हवा ओढणार. नुसता घूंऽ घूंऽ आवाज, बाकी शून्य!"

मास्तर वाद घालत बसला नाही. त्याने स्टॉपवॉच आणलं, आलेखाचा कागद आणला. तीच गाडी, तोच रस्ता. एकदा कंपनीचा डबा, एकदा नवा फिल्टर. सपाट रस्त्यावर नवा फिल्टर दीड सेकंदाने जिंकला. मास्तराने तो आलेख सासऱ्याच्याच गॅरेजात भिंतीवर चिकटवला. चेष्टाच होती हो ती! पण येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तो वाचायचं, हसायचं, आणि मिस्त्रीच्या ते जिव्हारी लागायचं.

दुसरी फेरी रविवारी घाटात ठरली. चढावर इंजिन तापतं, तिथे डबाच जिंकणार अशी मिस्त्रीची खात्री होती. खात्री होती ना? मग गप्प बसायचं की नाही! पण शुक्रवारी मास्तर गाडी गॅरेजात ठेवून शाळेत गेला आणि जाताना म्हणाला, "बाबा, तेवढा फिल्टर धुऊन द्या." असला फिल्टर धुऊन वाळला की त्याला बेताचं तेल द्यायचं असतं, घडीघडीवर एक बारीक रेघ, बस्स. मिस्त्रीने अर्धी बाटली ओतली. मग फिल्टर वरून पुसला, जागेवर बसवला आणि बॉनेट लावलं. जास्तीचं तेल हवेबरोबर आत जाईल, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसेल, इंजिनाला पेट्रोल कमी मिळेल आणि रविवारी गाडी चढावर जरा रडेल. जराशीच. एवढंच त्याच्या मनात होतं, देवाशपथ.

मग तो एक पार्ट आणायला बाजारात गेला. परत आला तर गाडीची जागा रिकामी.

"लेक घेऊन गेली," बायको आतून म्हणाली. "छोटीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजच बोलावलंय, घाटापलीकडे. झाला की अर्धा तास. अहो, तोंड का असं झालं तुमचं?"

मिस्त्रीने लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे लेकीला त्यानेच कान पिळून शिकवलं होतं. त्याने कंपनीचा काळा डबा उचलला, हत्यारांची पिशवी उचलली आणि बायकोला काही न सांगता आपली जुनी व्हॅन काढली.

वाटेत त्याने स्वतःला शिव्या घातल्या, मोठ्याने. रविवारी मास्तर एकटा असणार होता, पहाटेचा रिकामा रस्ता असणार होता. आज भरदुपार होती, ट्रकांची रांग होती आणि मागच्या सीटवर चार वर्षांची पोर. चढावर पेडल दाबलं की इंजिन हवा जोरात ओढणार, तेलही तितक्याच जोरात येणार. गाडी नुसती रडणार नाही, बंदच पडेल. आणि इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड, ब्रेक जड. हे त्याला आत्ता सुचलं होतं का? छे! बाटली ओततानाही ठाऊक होतं. गिऱ्हाइकाच्या गाडीचे ब्रेक तीनतीनदा बघणारा माणूस तो!

पहिलं वळण मोकळं होतं. दुसरंही. तिसऱ्याच्या अलीकडे ट्रक एकामागे एक उभे होते.

व्हॅन तशीच कडेला सोडून तो पळत सुटला. गुडघे ओरडत होते. एक ट्रकवाला खाली उतरून विडी ओढत होता.

"काय झालं हो पुढे?"

"गाडी पडलीय मधोमध."

"माणसं?"

"काय की बुवा. आम्ही आत्ता आलो."

गाडी वळणावर तिरकी उभी होती. बॉनेट उघडं, दारं उघडी, आत कुणी नाही. मागच्या सीटवर छोटीची पाण्याची बाटली आडवी पडून सीट ओली झाली होती. मिस्त्रीने वाकून सीटखालीही पाहिलं.

"आजोबाऽ!"

कठड्याच्या आडोशाला लेक बसली होती, छोटीला घट्ट धरून. दोघी धडधाकट. मिस्त्री त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसला.

"ऐन वळणावर बंद पडली, बाबा. मागे ट्रक होता. एवढ्यावर येऊन थांबला." तिने अंतर दाखवायला हात पुढे केले, मग ते आणखी जवळ आणले. "तुम्हाला कसं कळलं पण?"

मिस्त्री उठून गाडीकडे गेला. दोघाचौघांनी ढकलून गाडी कडेला घेतली. त्याने सेन्सर काढून स्प्रेने धुतला, शंकू उतरवला, काळा डबा बसवला. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. तोवर लेकीने नवऱ्याला पुन्हा फोन लावून डब्याचं सांगितलं होतं आणि स्पीकर चालू केला होता.

"बाबा, जिंकलात तुम्ही," मास्तराचा आवाज आला. "तुमचं ऐकायला हवं होतं. माझ्या हौसेपायी आज या दोघी..." तो रडत होता.

"तू आधी शांत हो बघू. आम्ही येतो," म्हणत लेकीने फोन बंद केला. मग इतक्या वेळाने पहिल्यांदा ती हसली. "मघाशी गाडी बंद पडल्यावर मी फोन केला, तर काय म्हणत होता माहितीये? म्हणे, बाबांच्या हातून तेल जास्त तर नाही ना पडलं? असला झापलाय मी त्याला! म्हटलं, माझ्या बाबांचा हात चुकत नाही."

मिस्त्री चिंधीने बोटं पुसत होता. गप्प राहिला असता तर विषय संपला होता. डबा जिंकला होता, जावयाने हार मानली होती, लेक हसत होती.

"हात चुकला नाही," तो म्हणाला.

"तेच म्हटलं मी."

"नाही चुकला. अर्धी बाटली ओतली मी. त्याला हरवायला."

लेक क्षणभर हसतच राहिली. मग तिला कळलं. आजोबांचा सदरा धरून उभ्या असलेल्या छोटीला तिने हाताला धरून आपल्याकडे ओढून घेतलं.