वहिनीची सीट

वायरिंगमधला शॉर्ट सापडला तर चूक माझी, नाही सापडला तर वहिनीची. सकाळपासून गॅरेजमध्ये मामला एवढा सरळ होता.

आठ दिवसांपूर्वी सरावात, वहिनी चालवत असताना, उजव्या वळणावर आमची रेसची गाडी अचानक बंद पडली. मागची गाडी वीतभर अंतरावरून निघून गेली. आमची गाडी ओढून आणली, दादा आत बसला, बटण दाबलं, तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! दादा मेकॅनिक आणि वहिनीचा नवरा. दोन्ही नात्यांनी त्याची जीभ सैल. "घाबरून तुझाच हात मेन स्विचवर पडला असेल," तो वहिनीला म्हणाला. वहिनीनं हातमोजे काढून गाडीत टाकले आणि ती निघून गेली.

गाडीचं सगळं वायरिंग माझ्या हातचं. पेट्रोलच्या पंपाला मी हौसेनं असा ब्रेकर लावलेला, जो शॉर्ट झालं की तुटतो, पंपासकट इंजिन बंद पाडतो आणि थंड झाला की आपोआप जुळतो. म्हणजे शॉर्ट होऊन गेला तरी मागे पुरावा नाही. शर्यत आज दुपारी होती आणि वहिनीनं कालच सांगून टाकलं होतं, "दोष गाडीत नसेल, तर मी पुन्हा गाडीत बसणार नाही."

मी पंप सोडवला आणि ब्रेकरच्या जागी बल्ब लावला. वायर कुठे शॉर्ट झाली तरच तो पेटणार. मग एकेक वायर ओढली, हलवली, पिळली. तीन तास. दादानं आत बसून उड्या मारल्या. बल्ब ढिम्म.

"तुझा बल्ब तरी चालतो का?" दादानं विचारलं.

"बल्बचं सोड, माझं डोकं चालत नाहीये."

तेवढ्यात वहिनी आली, गाडीत राहिलेले हातमोजे घ्यायला. हातमोजे घेतले, पण उतरली नाही. सवयीनं खटका ओढून सीट पुढे घेतली, स्टिअरिंग धरलं आणि त्या वळणावर दाबला असेल तसा ब्रेक करकचून दाबला. उजव्या वळणावर झुकतं तसं अंग डावीकडे झुकलं, आणि बल्ब लख्ख पेटला.

"मी काही केलं नाही हं!" ती ओरडली.

"वहिनी, हलू नका! श्वाससुद्धा घेऊ नका!"

मी जमिनीवर आडवा होऊन सीटखाली डोकं घातलं. सीटची लोखंडी पट्टी पंपाच्या वायरवर बसली होती. वायरचं वरचं आवरण सोलून निघालेलं. वायरिंग करताना, आणि आज शोधतानाही, गुडघे मावावेत म्हणून मी सीट मागे ढकलली होती. दादा तर ताडमाड, तो बसायच्या आधीच सीट मागे सारतो. गाडी चालवणार वहिनी, आणि तिची सीट तिच्या जागी ठेवून आम्ही दोघा शहाण्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.

"चूक माझी, वहिनी. शंभर टक्के माझी."

वहिनी आधी हसली. मग तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"भावोजी, मला आठवतच नव्हतं हो, हात स्विचवर पडला की नाही. इतक्यांदा विचार केला, की शेवटी वाटायला लागलं, पडलाच असेल."

दादा खिडकीशी उकिडवा बसला. "चुकलो गं," एवढंच म्हणाला.

"वायर बदलायला किती वेळ?" तिनं मला विचारलं.

"अर्धा तास."

"मग रडायला अर्धा तास आहे माझ्याकडे," असं म्हणून तिनं हेल्मेट मांडीवर घेतलं आणि आठ दिवसांचं सगळं रडून घेतलं.