मापाचा वाण

बाईंनी कुंडी उचलून उजेडाकडे धरली, मुगाच्या रोपाचं खालचं पान अंगठ्याने उलटं केलं आणि म्हणाल्या, "तीन."

"तीन," म्हणत गणितवाल्यांनी लिहून घेतलं.

पुढच्या रोपाच्या पानांच्या कडा करपल्या होत्या आणि शेंड्याने मान टाकली होती.

"दोन. याला कुणीतरी साधं पाणी पाजा हो, पुण्य लागेल."

"बाई, फक्त मार्क."

काचघरात लांबलचक टेबलांवर कुंड्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक कुंडीत मुगाचं एक कोवळं रोप, आणि दोन पानं फुटल्या दिवसापासून त्याला मिठाचं पाणी. खाऱ्या जमिनीत पहिली मरतात ती अशी पोरवयाची रोपं. थोरली झाली की बरंच सोसतात, म्हणून परीक्षा याच वयात. जो वाण मिठातही हिरवा राहील त्याला दहापैकी जास्त मार्क. कोणती कुंडी कोणत्या वाणाची हे लिहिलेली चिठ्ठी कुंडीच्या बुडाला चिकटवलेली असे, आणि मार्क देऊन होईपर्यंत बूड बघायचं नाही असा नियम होता. कुंड्या गणितवाल्यांनी स्वतः उलटसुलट फिरवून मांडल्या होत्या. त्यांचं खरं काम आकडेमोडीचं, पण या कामात ते पोलिसापेक्षा कडक होते.

मार्क दोघांनी द्यायचे. एक डोळा बाईंच्या लेकीचा, कारण प्रयोग तिचा. तिने सकाळीच आपले मार्क देऊन टाकले होते आणि आता ती दाराशी पाठ करून उभी होती, चेहऱ्यावरून आईला काही कळू नये म्हणून. पण जिने रोपं वाढवली तिच्या एकटीच्या मार्कांवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून दुसरा डोळा लागे. नेमके या वेळी त्या दुसऱ्या डोळ्याचेच डोळे आले. रोपं काही कुणाचे डोळे बरे होईपर्यंत थांबत नाहीत. शेवटी निवृत्त होऊन घरी बसलेल्या बाईंना बोलावणं गेलं.

गणितवाल्यांनी आधीच बजावलं होतं, "बाई, यात तुमचाही वाण आहे. ओळखलात तर लगेच सांगा. तिथल्या तिथे थांबू."

"या वयात मला माझा चष्मा ओळखू येत नाही," बाई म्हणाल्या होत्या.

बाईंनी नोकरीत असताना स्वतः घडवलेला वाण म्हणजे मापाचा वाण. नवा कुठलाही मूग आला की तो बाईंच्या मुगाशेजारी लावून बघायचा, दोन्ही डोळ्यांच्या मार्कांत त्याला मागे टाकलं तरच पुढची वाट मोकळी. भलेभले आले आणि हात हलवत परत गेले. बाई दर वेळी तोंडाने हळहळायच्या आणि घरी येऊन दोन घास जास्त जेवायच्या. यंदा मात्र माप ओलांडायला खुद्द पोटची पोर निघाली होती. घरी ती या कामाबद्दल चकार शब्द काढत नसे. बाईंना ते लागायचं. आईकडून काही म्हणून घ्यायचं नाही असं पोरीने ठरवलेलं दिसतंय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

तिसऱ्या टेबलावर बाईंचा हात थांबला.

देठाच्या बुडाशी बारीक तांबूस कडं. वरचं कोवळं पान एका अंगाला कललेलं, हाक मारल्यावर पोराने मान वळवावी तसं. खालची पानं पिवळी पडली होती, पण शेंडा हिरवागार आणि ताठ. बाईंनी अर्धं आयुष्य हे रोप पाहिलं होतं. डोळे बांधून हातात दिलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

त्यांचा ऊर भरून आला. इतकं खारट पाणी त्यांनी स्वतः आपल्या वाणाला कधी पाजलं नव्हतं, धीरच झाला नव्हता. आणि हा पठ्ठ्या बघा, मीठ पिऊन वर उभा! नऊ हा आकडा अगदी जिभेवर आला.

ओळखलं म्हणून सांगावं, तर काम इथेच थांबणार आणि पोरीचा हंगाम बुडणार. गप्प राहून नऊ द्यावेत, तर उद्या चार माणसं म्हणणार की आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं; आईने लेकीच्या वाणाला खाली ठेवून स्वतःच्या वाणाला झुकतं माप दिलं. मग बाईंनी तिसरा रस्ता काढला. असले रस्ते फक्त मानी माणसांनाच सुचतात.

"सहा," त्या म्हणाल्या.

तांबूस कड्याचं रोप पुढे आणखी चार वेळा आलं. चारही वेळा बाईंनी घट्ट मनाने सहाच दिले, आणि चारही वेळा मनातल्या मनात त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मधूनच एक खुरटं रोप येत होतं. फिकट, मिठाने देठाचाही रंग उडालेलं, अंग चोरून बसलेलं, पण जीव धरून. बाईंना दर वेळी त्याची दया आली.

"हे कुणाचं पोर कोण जाणे. गरीब आहे बिचारं. सहा."

"बाई, फक्त मार्क."

शेवटची कुंडी झाली. लेकीने वळून पाहिलं आणि ती टेबलापाशी आली. गणितवाले एकेक कुंडी डोक्यावर धरून बुडाची चिठ्ठी वाचू लागले. तांबूस कड्याची कुंडी त्यांनी वर धरली तेव्हा बाईंनी चेहरा शक्य तितका साधा ठेवला.

"नवा वाण," गणितवाले म्हणाले. "छोट्या बाईंचे नऊ, मोठ्या बाईंचे सहा."

"दाखवा."

बाईंनी कुंडी हातात घेतली आणि चिठ्ठी स्वतः वाचली. मग दुसरी, मग तिसरी. खुरट्या रोपाची कुंडी गणितवाल्यांनी उचलली.

"मापाचा वाण. छोट्या बाईंचे पाच, मोठ्या बाईंचे सहा."

पाचही जोड्या तशाच निघाल्या. गणितवाल्यांनी पेन खिशाला लावलं. "नाही जमलं. मोठ्या बाईंच्या डोळ्याला दोन्ही सारखेच. मापाचा वाण आहे तिथेच राहिला." अभिनंदन करावं की सांत्वन, हे त्यांना ठरवता येईना.

लेक हलकेच म्हणाली, "असू दे. तुझा डोळा मला मान्य आहे, आई." आणि तिने फडकं घेऊन टेबलावर सांडलेली माती पुसायला घेतली. टेबल पुसून झालं तरी ती पुसतच राहिली.

"हे कडं याला कुठून आलं?" बाईंनी विचारलं.

"तुझ्याच वाणातून. तुझ्या मुगाचा आणि खाजणातल्या खाऱ्या चिखलात उगवणाऱ्या रानमुगाचा संकर आहे तो. दुसरं कुणाचं बी घेणार होते मी?"

"मला बोलली नाहीस कधी."

"जमलं की सांगणार होते. तुझं नाव घेऊन तोंडावर पडायचं नव्हतं मला."

बाईंनी आता तोंड उघडलं नसतं तर त्यांचा वाण मापाच्या जागी राहिला असता, आणि एवढ्या वयाच्या बाईला कुणी काही विचारलंही नसतं. त्यांनी गणितवाल्यांच्या खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्याच हातात दिलं.

"लिहा. मोठ्या बाईंनी ओळखलं आणि सांगितलं नाही. ओळखलं तेही चुकीचं. याला माझा वाण समजले मी, आणि माझा म्हणून हात आखडता घेतला. हे नऊचं रोप आहे. माझे सगळे मार्क खोडा."

गणितवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मग सगळं पुन्हा, बाई. पुन्हा पेरणी, पुन्हा मीठ. दुसरा डोळा बाहेरून आणावा लागेल. आणि त्यात तुमचा वाण..."

"गेला माझा वाण. माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि चांगल्या घरी गेला. तुम्ही लिहा."

लेकीचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. फडकं तिच्या हातात तसंच होतं.

"आई, तुला हा तुझा वाटला?"

"वाटला."

"पाचही कुंड्या?"

"पाचही."

"एकदाही शंका आली नाही?"

"शंका कसली? नुसती ऐट मिरवत होते मनातल्या मनात."

लेकीचा चेहरा लाल झाला. लहानपणी पहिला नंबर आला की व्हायचा तसा.

"मोठ्याने सांग ना. त्यांना ऐकू गेलं नसेल."

गणितवाले दोघींपासून हातभर अंतरावर उभे होते.

"नाही बुवा," ते लगेच म्हणाले. "एक अक्षर ऐकू आलं नाही."

बाईंनी घसा साफ केला.