चार तुकड्यांची धून

घरातला एक माणूस फोनसमोर रेकॉर्डिंगला बसला की बाकीच्यांनी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, हा नियम आता पुष्कळ घरांत लागू झाला आहे. आपल्या लिफ्टवाल्याच्या घरात तो रविवारी सकाळी नऊपासून लागू व्हायचा. पंखा बंद, नळ बंद, मिक्सरचं तर नावच काढायचं नाही. बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि आतून गिटार थांबली की विचारायची, "झालं का?" आतून उत्तर यायचं, "थांब, परत पहिल्यापासून."

हा गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचा. कामात एकदम चोख. प्रत्येक मजल्यावर स्वतः वर-खाली करून पाहिल्याशिवाय लिफ्टमधल्या तपासणीच्या कार्डावर सही करायचा नाही. पंचेचाळिशी उलटल्यावर त्याला गिटारचं वेड लागलं आणि एका चष्म्याच्या दुकानदाराने चालवलेल्या फोनवरच्या गटात तो शिरला. तीसेक माणसं, सगळी हौशी. तिथे नावाला किंमत नव्हती, धंद्याला होती. कोणी बेकरीवाला, कोणी शिंपीणबाई, गटप्रमुख ते चष्मेकाका आणि हा लिफ्टवाला.

गटाचे नियम थोडे, पण पक्के. आवडीचं गाणं गिटारवर घरीच वाजवायचं आणि रविवारी नुसता आवाज पाठवायचा. वाजवायचं ते एका दमात, कापाकापी चालणार नाही. आणि धून संपली की कुठे चुकलं ते आपल्याच तोंडाने सांगायचं. त्यामुळे तिथे कोणी कोणाला हसत नसे. चुकणाऱ्यानेच चूक सांगून टाकल्यावर दुसऱ्याला हसायला उरतंय काय!

गेले तीन महिने लिफ्टवाला एका जुन्या, संथ गाण्याच्या मागे लागला होता. त्याच्या मध्यात एक जागा होती, तिथे पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या. गटातल्या निम्म्या लोकांची गाडी तिथेच अडायची. याने एकदा अडखळत, खडखडत ते पाठवलं, तेव्हा उत्तर आलं, 'छान प्रयत्न.' हे दोन शब्द ज्याला मिळालेत त्यालाच त्यांची चव माहीत. लिफ्टवाल्याच्या डोक्यातून ते आठवडाभर जाईनात.

मग पुढच्या रविवारी त्याने तेच गाणं अकरा वेळा वाजवलं. अकराव्या वेळी मधली जागा स्वच्छ लागली आणि शेवट पार कोसळला. तेव्हा त्याने फोनवर कापायचं-जोडायचं अ‍ॅप घेतलं, दुपारपर्यंत डोळे फोडले आणि चार निरनिराळ्या खेपांतले चार तुकडे एकत्र सांधले. इथवर झालं ते झालं. पण अगदी निर्दोष धून कोणाला पटायची नाही, हेही त्याच्या लक्षात आलं. म्हणून सुरुवातीची एक बारीकशी चूक त्याने मुद्दाम तशीच ठेवली आणि शेवटी नम्र आवाजात म्हणाला, "दुसऱ्या ओळीत बोट जरा घसरलं, सांभाळून घ्या."

पाहिलंत? खोट्यावर खरेपणाचा मुलामा!

कौतुकाचा पूर लोटला. बेकरीवाल्याने तर लिहिलं, 'एका दमात हे? धन्य आहात.' चष्मेकाकांनी मात्र एकच शब्द लिहिला, 'ऐकलं.' लिफ्टवाला मंगळवारपर्यंत हवेत होता. बुधवारी दुपारी एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनखोलीत तो डबा उघडून बसला आणि फोनवर, गटात, सिस्टरचा निरोप आला.

सिस्टर म्हणजे बत्तीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या नर्स. पडून डावं मनगट मोडलं, ते जुळलं, पण दोन बोटं ताठरली. डॉक्टरांनी सांगितलं, बोटं वापरत राहा, नाहीतर आहेत तितकीही वळणार नाहीत. रबरी चेंडू दाबायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून गिटार घेतली. दोन वर्षं दर रविवारी त्या हेच गाणं पाठवायच्या. मधल्या जागेपाशी थांबायच्या, बोटं एकेक करून बसवायच्या आणि मग पुढे जायच्या. निरोपात त्यांनी लिहिलं होतं, 'लिफ्टवाल्यांना तीन महिन्यांत जमलं ते मला दोन वर्षांत जमलं नाही. म्हणजे हातच कामातून गेला आहे. आता त्याला उगीच छळत नाही. शनिवारी अकराला भाची येतेय, गिटार तिला देऊन टाकते.'

त्याने डबा तसाच मिटला. गटात सगळे लिहीत होते, सोडू नका हो सिस्टर. त्यानेही लिहिलं, 'प्रयत्न सोडू नका,' आणि स्वतःचीच लाज वाटून पुसून टाकलं. गुरुवार तसाच गेला. बायकोने दोनदा विचारलं, जेवण का जात नाही. त्याने कामाचं कारण पुढे केलं. खरं सांगावं तर गटात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि न सांगावं तर शनिवार उजाडतोय. शुक्रवारी संध्याकाळी तो चष्म्याची काडी ढिली झाल्याचं निमित्त काढून काकांच्या दुकानात गेला.

काकांनी चष्मा हातात घेतला, बारीक पेचकस लावला आणि मान वर न करता म्हणाले, "दुसरी तार."

"काय काका?"

"सुरुवातीला बरोबर लागलेली होती. मध्ये उतरली. शेवटी पुन्हा बरोबर. वाजून वाजून तार उतरते, हे मला ठाऊक आहे. खुंटीला हात न लावता ती चढली कशी, ते तू सांग."

लिफ्टवाल्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अकराव्या खेपेपर्यंत तार उतरली होती आणि शेवट जोडला होता तो चौथ्या खेपेतला. त्याने मान्य केलं, पण माणसाची जात, लगेच सारवासारवही केली. हल्ली सगळेच करतात, बाहेरचं एक तरी गाणं एका दमातलं असतं का, वगैरे.

"बाहेर जोडलेलं असतं हे सगळ्यांना माहीत असतं," काका म्हणाले. "आपल्याकडे सिस्टरनी ते खरं धरलं आणि आपला हात त्याच्याशी ताडून पाहिला. न तपासलेल्या लिफ्टमध्ये तू सहीचं कार्ड लावशील का रे?"

"माणसं मरतील काका."

"इथे कोणी मरणार नाही. एक बाई हात वापरायचं सोडेल, एवढंच."

मग त्याने विचारलं, एवढं कळलं होतं तर काका पाच दिवस गप्प का बसले? काकांनी चष्मा पुसून त्याच्या हातात दिला. तू आपणहून बोलशील म्हणून वाट पाहिली, ते म्हणाले, आणि ते माझंही चुकलंच.

शनिवारी सकाळी त्याने गिटार खांद्याला लावली आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "म्हणजे माझी धुण्याची बादली तीन तास अडवलीत ती असल्या उद्योगासाठी?" मग म्हणाली, "फोनवर लिहू नका. समोर जाऊन सांगा."

सिस्टरचं घर तिसऱ्या मजल्यावर. तो पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. दार उघडंच होतं, आणि आत पलंगावर भाची गिटारवर खोळ चढवून चेन ओढत होती. लिफ्टवाल्याने चपलासुद्धा न काढता उंबऱ्यातूनच सांगितलं. चार तुकडे, अ‍ॅप, ती ठेवलेली चूक, सगळं.

आणि झालं भलतंच! सिस्टर हसल्या. "माझी समजूत काढायला आलात ना? मनाचे चांगले आहात हो. पण पेशंटशी असं गोड खोटं मीही खूप बोलले आहे."

खरं सांगितलं तरी खोटं वाटावं, इतकी त्याची ती धून गोड वठली होती. शेवटी तो खुर्चीवर बसला आणि वाजवू लागला. मधली जागा आली, तारा खडखडल्या. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बोट इतकं दाबलं की हात थरथरायला लागला, आणि आवाज आला तो मुका. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली. एवढी शरम त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

सिस्टर त्याच्या हाताकडे बघत होत्या. दुखणारा हात आणि सोंग घेतलेला हात त्यांना कोणी वेगळा करून दाखवायला नको होता. त्यांचं हसू मावळलं.

"तीन दिवस मी या हाताला शिव्या देतेय," त्या म्हणाल्या.

"हो. माझ्यामुळे."

त्यांनी लगेच माफ केलं नाही, आणि का करावं? त्यांनी त्याला तिथेच, समोर बसून, गटाला सगळं सांगायला लावलं. त्याने फोन तोंडाशी धरला आणि उंबऱ्यात सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. मग बेकरीवाल्याचा निरोप आला, 'माझ्याही दोन धुना जोडलेल्या आहेत. मागे एकदा वाजवणं सोडायचंच ठरवलं होतं, बाकीच्यांचं ऐकून.' त्यापाठोपाठ शिंपीणबाईंनीही कबुली दिली. म्हणजे बघा, एकमेकांच्या खोट्याला घाबरून जो तो खोटं वाजवत होता आणि एकट्या सिस्टर तेवढ्या खरं वाजवत होत्या!

सिस्टरनी बेकरीवाल्याचा निरोप दोनदा वाचला. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी लिफ्टवाल्याचं मनगट धरलं आणि नर्सच्या ठाम आवाजात सांगितलं की अंगठा एवढा आवळू नका, रक्त थांबतंय, कोपर जरा खाली सोडा. त्याने सोडलं. सहापैकी पाच तारा वाजल्या.

"आता मी दाखवते," त्या म्हणाल्या आणि भाचीकडे वळल्या. "काढ गं ती खोळ. तुला दुसरं काहीतरी देईन."

वाचकहो, आपण सगळेच आता रोज काहीतरी पाठवत असतो. कधी गाणं, कधी मुलांचे मार्क, कधी हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो. पाठवण्याआधी नको ते कापतो, हवं ते जोडतो, आणि म्हणतो, यात कोणाचं काय बिघडलं? पलीकडे कोणीतरी एकटं बसून ते खरं मानत असतं आणि स्वतःला नालायक ठरवत असतं, त्याचं बिघडतं. तेव्हा आपलं अडखळणंही त्याला ऐकू द्या. लोक हसतील ही भीती मोठी आहे, पण कोणीतरी आपल्या खोट्या सफाईपायी हातातली गिटार खाली ठेवली, तर ते पाप आपल्या माथी लागतं.