स्फटिक, बटाटा आणि उजवा अंगठा

स्पेसबारच्या उजवीकडची एक कळ बाकीच्या कळांपेक्षा जास्त गुळगुळीत झाली होती. इतर कळांवर छापलेलं सगळं शाबूत होतं, हिच्यावरचं पार पुसलं गेलं होतं. आत्याच्या हे लक्षात आलं तेव्हा हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि कळांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. सगळ्यांचे डोळे पडद्यावर खिळले होते.

लॅपटॉप तिच्या दादाचा. तो गणिताची पुस्तकं छपाईसाठी टाइप करून द्यायचा. गेल्या वर्षी तो गेला. आतले फोटो काढून घ्यायला वहिनीने लॅपटॉप एका टायपिंग क्लासवाल्याकडे नेला, आणि फोटोंबरोबर क्लासवालाही घरात आला. गेलेला माणूस यंत्रातून संकेत पाठवतो, असं तो सांगे; आता त्याला सगळे 'संकेतगुरू' म्हणत.

"वहिनी, हे बटण दाबा. काय उमटलं?"

"एल. बटणावर आहे तेच."

"म्हणजे यंत्र झोपलंय." गुरूंनी मखमली पिशवीतून बोटभर लांबीचा स्फटिक काढला, त्याचं टोक कीबोर्डच्या खालच्या ओळीवर टेकवलं आणि वरून बोट ठेवलं. "ऊर्जा उडून जाते, म्हणून दाबून धरावी लागते. आता तेच बटण."

वहिनीने दाबलं. पडद्यावर उमटलं: ø.

हॉलभर सुस्कारा फिरला.

"वर्तुळ म्हणजे डोळा," गुरू डोळे मिटून म्हणाले. "त्यावरून गेलेली रेघ म्हणजे शस्त्र. दादा सांगताहेत, लेकीच्या डोळ्याला शस्त्र लावू नका. थांबा."

लेक कोपऱ्यात मान वाकडी करून चित्र रंगवत होती. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टर सांगून थकले होते, "लहान वयात उशीर झाला तर मेंदू त्या डोळ्याने बघायलाच शिकत नाही. मग ऑपरेशन करूनही नजर यायची नाही." वहिनी दर वेळी "कळवते" म्हणून फोन ठेवायची. आधी दादाच्या आजारपणामुळे, आता दादाच्या संकेतांमुळे.

आत्याने मागच्या बैठकीत एकदा तोंड उघडून बघितलं होतं. स्वतःचा लॅपटॉप पुढे केला, त्यावर तोच स्फटिक, तसाच दाबून धरला. ढिम्म काही झालं नाही. "ताई, यंत्रालाही माणूस कळतो हो!" गुरू म्हणाले, आणि सगळा हॉल हसला. तेव्हापासून तिच्या डोक्यात नुसता जाळ होता.

या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ती पाण्याच्या तपासणीचा अहवाल लिहायला बसली. मायक्रोग्रॅमचं µ हवं होतं. नेहमीप्रमाणे जुना अहवाल उघडा, चिन्ह उचला, इथे आणून चिकटवा. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. मग अंशाचं चिन्ह. इतकी शिकले आणि एक टीचभर चिन्ह उमटवता येत नाही, म्हणून तिने माउस आपटला. दादा असता तर क्षणात टाइप करून दिलं असतं. त्याला चिन्ह शोधताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"कसं जमतं रे तुला?" तिने एकदा विचारलं होतं.

"अंगठा जागेवर असला की झालं."

आत्याचा हात माउसवर तसाच राहिला. अंगठा. उजवा. ती गुळगुळीत कळ.

दुपारी घरी येऊन तिने दादाच्या लॅपटॉपवर खात्री करून घेतली. वहिनीला एकटीला सांगून उपयोग नव्हता. संध्याकाळपर्यंत गुरूंनी चार नवी कारणं तिच्या गळी उतरवली असती. म्हणून तिने स्वयंपाकघरातल्या टोपलीतून एक लांबट बटाटा निवडून ठेवला.

पुढच्या बैठकीत गुरूंनी पिशवीला हात घालताच आत्या उठली. "आज माझं एक ऐका. स्फटिक राहू द्या." तिने बटाट्याचं टोक त्या गुळगुळीत कळेवर दाबून धरलं. "वहिनी, दाब तेच बटण."

ø.

 मागून एक शेजारीण हात जोडून म्हणाली, "अगंबाई, बटाट्यातूनसुद्धा!"

आत्याने कपाळाला हात लावला. "अहो काकू, आमटीत घालणार आहे मी हा! बटाट्यात काही नाही आणि स्फटिकातही नाही. ही कळ दाबून ठेवली की बाकीच्या कळा दुसरी चिन्हं उमटवतात. दादाला कामासाठी ती लागायची, म्हणून त्याने तशी मांडणी बसवून घेतली होती. माझ्या लॅपटॉपवर ती बसवलेली नाही, म्हणून तिथे काही आलं नाही. ज्याने टायपिंग शिकवण्यात हयात घालवली, त्याला हे ठाऊक नसेल होय?"

"श्रद्धेचा प्रश्न आहे, ताई," गुरू पिशवीची दोरी ओढत म्हणाले.

"डोळ्याचा प्रश्न आहे! ø हे एक अक्षर आहे. परदेशात पोरं ते पाटीवर गिरवतात. ज्याला डोळा तपासता येतो त्याला डोळ्याचं विचारा. हे यंत्र दाबलेली कळ तेवढी सांगतं."

लेक मध्येच घुसली. तिने इवलासा अंगठा त्या कळेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने एम दाबला. µ. "बाबा असंच करायचा," ती म्हणाली. मान वाकडी, उजवा डोळा पडद्याला जवळजवळ चिकटलेला. "मी मांडीवर बसायचे ना, तेव्हा."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने त्या गुळगुळीत जागेवर स्वतःचा अंगठा टेकवला, नुसता, काहीही न दाबता. मागे चपला शोधायची खुडबुड सुरू झाली. सगळ्यात आधी गुरूंना सापडल्या.

वहिनीने फोन उचलून डॉक्टरांना लावला. पलीकडून आवाज आला.

"डॉक्टर, ऑपरेशन करायचं. सगळ्यात जवळची तारीख द्या."