भरलेला परत येणारा डबा

मित्रांनो, मी तीन कप्प्यांचा एक जुना स्टीलचा डबा आहे. जुना म्हणजे किती? तर आमच्या डॉक्टरीणबाई पाळण्यात होत्या, तेव्हापासूनचा. त्यांच्या अम्मी शिक्षिका. वीस वर्षं मी त्यांच्या पिशवीतून शाळेत गेलो आणि रोज रिकामा होऊन घरी आलो. डब्याच्या जातीला याहून मोठं बक्षीस नसतं.

पुढे लेक डॉक्टर होऊन परदेशी निघाली, तेव्हा अम्मींनी मला तिच्या सामानात कोंबलं. इथे माझी बाजूची कडी सैल झाली. बाईंचे मिस्टर म्हणाले, "नवा घेऊ या. हे म्हातारं किती दिवस वागवणार?" मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बाईंनी मात्र मला रबर लावलं आणि विषय मिटवला.

यंदा रमजान आला तेव्हा त्यांची छकुली चार महिन्यांची होती. बाई नुकत्याच कामावर परतल्या होत्या. अम्मींनी फोनवर बजावलं, "अंगावर पाजणाऱ्या आईला सूट आहे, बेटा. राहिलेले रोजे पुढे भरून काढ. तुझ्या पोटात नसेल तर लेकराच्या पोटात कुठून येणार?" बाईंना चुटपुट लागली, पण त्यांनी ऐकलं. मला गच्च भरून दवाखान्यात नेलं.

तिथे बघतात तर चहाच्या खोलीच्या दारावर कागद. 'आपल्या डॉक्टरांचे रोजे आहेत. महिनाभर इथे कोणी खाऊ नये.' वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी स्वतः लिहिलेला. एवढ्या मायेच्या माणसांसमोर माझं झाकण उघडायचं कसं? बाईंची जीभच रेटेना. कपडे बदलायच्या खोलीत दोन घास खावेत म्हणून गेल्या, तर तिथे एक तरुण डॉक्टर चोरून बिस्किट खात होता. बाईंना पाहताच त्याने ते अख्खं गिळलं आणि वर माफी मागितली. मी भरलेलाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दुपारी बाई दार लावून छकुलीसाठी पंपाने दूध काढायच्या. पहिल्या दिवशी बाटली भरली होती, चौथ्या दिवशी तळाला बोटभर दूध. मी शेजारी टम्म भरलेला आणि मायलेकी उपाशी! मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात दार वाजवून मोठ्या सिस्टर कसली तरी सही घ्यायला आत आल्या. कागद ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी मला उचललं. रबर तुटलं, कडी निसटली आणि चपात्या, भाजी, उकडलेली अंडी, सगळं टेबलावर.

सिस्टरांनी अंड्यांकडे पाहिलं, मग त्या बाटलीकडे. बाईंनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

"अहो, तुमच्यासाठी आम्ही चार दिवस जिन्यात उभ्याने जेवतोय," सिस्टर म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग बाईंना खुर्चीत बसवून म्हणाल्या, "आधी खा. सही मरू दे."

त्या दिवशी मी रिकामा घरी आलो. आठवड्याभरात बाटली पुन्हा भरू लागली आणि छकुलीचे गाल वर आले.

छकुली वरणभात खायला लागल्यावर बाईंनी राहिलेले रोजे धरायला घेतले. या वेळी आधीच सांगितलं. सिस्टरांनी विचारलं, "मग आम्ही परत जिन्यात जायचं का?"

"छे हो, इथेच जेवा. फक्त सूर्य मावळला की माझ्याबरोबर एकेक खजूर खा."

मित्रांनो, त्या संध्याकाळी माझ्यात इतके हात एकदम शिरले, की अम्मींच्या शाळेतही कधी शिरले नव्हते. बिस्किटवाल्या डॉक्टरने तर तीन खजूर उचलले.

माझी कडी अजून सैलच आहे आणि आता मिस्टरही नव्या डब्याचं नाव काढत नाहीत. तुम्ही आपले डबे घासा, पुसा, जपा. पण कुणाच्या शेजारी बंद डबा दिसला, तर मनानेच काही ठरवू नका. जवळ जाऊन विचारा, "जेवलात का?" दर वेळी कडी निसटेलच असं नाही.