घशाखाली

वर्तमानपत्र पसरून तिने बादली त्यावर उपडी केली आणि काडीने एकेक वस्तू बाजूला सारू लागली. बटाट्याच्या साली, दोन ओंजळी. केळ्याच्या साली पाच, त्यांतली एक काळी पडून चिकट झालेली. चहाचा चोथा. कोबीची बाहेरची पानं. एक नासका टोमॅटो, जो काडी लागताच फुटला आणि कागदभर आंबट पाणी पसरलं. अंड्यांची टरफलं, खरं तर ती बादलीत टाकायची नाहीत असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. आणि तळाशी, ओल्या कचऱ्यात दडपलेले कागदी रुमालाचे चार बोळे.

कागद तर मुळीच टाकायचा नव्हता. तिने पहिला बोळा उलगडला.

आत भात होता. पण ताटात उरलेल्या भातासारखा मोकळा नव्हता. लगदा होता, मधे बटाट्याचा पिवळा अंश, आणि वरून लाळेची तार कागदाला चिकटून लांब होत गेली. कोणीतरी हा घास नीट, पुष्कळ वेळ चावला होता आणि मग गिळला नव्हता.

तिला उमासा आला. नळापर्यंत पोचायच्या आतच तिने अंगणाच्या कडेला सकाळचा चहा ओकून टाकला.

नंतर तोंड धुताना तिला स्वतःचंच नवल वाटलं. गेले तीन महिने ती या मागच्या अंगणात दोन प्लास्टिकच्या टाक्यांशी झटत होती. एक टाकी सरळ, दुसरी तिच्यात पालथी. खालच्या टाकीत रोज सकाळी कचऱ्याचा काला ओतायचा, तो आत कुजायचा, आणि गॅस धरला की वरची टाकी हळूहळू उचलली जायची. तिथून रबरी नळी स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत गेली होती. टाकीतून उसळणारं काळपट पाणी तिच्या कोपरापर्यंत कितीदा लागलं होतं. केसांना तो वास बसला होता, नखांत बसला होता. आई तिच्याशी बोलताना तोंड थोडं बाजूला करायची. "किळस ही सवयीची गोष्ट आहे," असं ती सगळ्यांना ऐकवायची. आणि आज भाताच्या एका घासाने तिला आडवं केलं होतं.

बादली उपसायचं कारण मात्र वेगळं होतं. शेगडी वाजवीपेक्षा जास्त वेळ जळत होती. रोजच्या साली-चोथ्यावर अर्ध्या तासाच्या आसपास ज्योत टिकायला हवी. पण गेले काही आठवडे ती बावन्न मिनिटं टिकत होती. घरातल्यांना त्याचं कौतुक. तिला मात्र ते खुपत होतं. जास्त आलेलं उत्तरही चुकीचंच असतं, हे तिला प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी शिकवलं होतं. टाकीला कोणीतरी तिच्या नकळत, सालींपेक्षा जास्त गॅस देणारं शिजलेलं अन्न घालत होतं.

दादा नळावर दात घासायला आला, तेव्हा तिने सरळ विचारलं.

"तू जेवताना कागदात घास गुंडाळून टाकतोस का?"

"मी? माझ्या ताटात कधी काही उरलेलं पाहिलंयस का?"

"उरलेलं नाही. चावलेलं."

त्याने घासणं थांबवलं. "शी. सकाळी सकाळी. मला अजून नाश्ता करायचाय."

"मग कोण टाकतं?"

"तुझ्या बकासुरालाच विचार," पालथ्या टाकीकडे ब्रश रोखत तो म्हणाला. "रोज गाडाभर गिळतो आणि वर ढेकर देतो. त्या ढेकरावर आपला स्वयंपाक. धन्य आहे."

तो नव्हता. आई शक्यच नव्हती. पानात टाकलेल्या शितावरून ती अजूनही दोघांना बोलायची. राहता राहिले बाबा.

बाबांचं नाव मनात येताच तिने ते झटकलं. या घरात ज्याला किळस माहीत नाही असा एकच माणूस होता. तीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली होती. रक्ताच्या, पुवाच्या, त्याहून वाईट कशाकशाच्या चादरी त्यांनी हातांनी वेगळ्या केल्या होत्या आणि घरी येऊन निवांत जेवले होते. टाकी सुरू करताना तिला विरजणासारखं काहीतरी हवं होतं, ज्यात कचरा कुजवून गॅस करणारे जंतू आधीच जिवंत असतील. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून तिने एक कॅन गाळ आणला. तो कशाचा गाळ आहे हे तिने लपवलं नाही. आई दारातच नाक दाबून उभी राहिली. "संडासातलं आणून त्यावर मी भात शिजवू? डोकं फिरलंय का तुझं?" तेव्हा बाबाच पुढे झाले होते. कॅन खांद्यावर घेऊन त्यांनी तो अंगणात नेला, झाकण स्वतः उघडलं. "पेटतं का बघू तर," म्हणाले. पहिल्यांदा निळी ज्योत लागली तेव्हा टाळी वाजवणारेही तेच.

पण त्यांचा पट्टा आता वेगळ्याच भोकात लागत होता. ते भोक त्यांनी खिळ्याने पाडलं होतं. गालफडं बसली होती. रक्ताच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी शुक्रवारी घशातून नळी घालून बघायचं ठरवलं होतं. त्या नळीला काय सापडू शकतं त्याचं नाव घरात कोणी घेत नव्हतं. "खातात तर व्यवस्थित," एवढंच आई पुन्हा पुन्हा म्हणायची, जणू डॉक्टरांचंच काही चुकतंय.

त्या रात्री जेवताना ती बाबांच्या समोर बसली.

त्यांनी घास घेतला. चावला. चावता चावता दादाला कुठल्याशा बसबद्दल विचारलं. मग मांडीवरचा कागदी रुमाल ओठांना लावला, पुसला, दुमडून परत ठेवला. पुन्हा घास. ती त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती, गळ्याकडे बघत होती. कातडी सुटलेल्या त्या गळ्यात कंठमणी स्पष्ट दिसायचा. बाबा पाणी प्यायले की तो वर जाऊन खाली यायचा. घासाला तो एकदाही हलला नाही.

"भात वाढू का अजून?" आईने विचारलं.

"थोडासा. छान झालाय."

समोर तिचा बाप बसला होता, आणि तिला त्याच्या मांडीवरच्या रुमालाची शिसारी येत होती. तिने मान खाली घालून आपलं ताट संपवलं.

जेवण झाल्यावर ते आपलं ताट घेऊन मागे मोरीवर गेले. ती पाठोपाठ गेली. दिव्याखाली त्यांच्या हातांची सुरकुतलेली, पाण्याने पांढुरकी झालेली बोटं दिसत होती. बादलीचं झाकण त्यांनी नुकतंच लावलं होतं.

"बाबा, घसा दुखतो का?"

"नाही."

"मग गिळत का नाही?"

ते ताट घासत राहिले. स्वच्छ झालेलं ताट त्यांनी पुन्हा घासायला घेतलं.

"बोळा उघडून पाहिलास वाटतं."

"हो."

"मग?"

"उलटी झाली."

"का? माझ्या थुंकीत काय विष आहे?" त्यांनी विचारलं, आवाजात राग नव्हता, थोडं हसूच होतं.

मग तिला जे येत होतं ते ती बोलू लागली. "बाबा, टाकीतलं काहीच जेवणापर्यंत येत नाही. येतो तो नुसता वायू. तो जळला की वाफ उरते आणि..."

"कळलंय मला ते. तू समजावलंस तेव्हाच कळलं. डोक्याला कळतं गं, घशाला कळत नाही." त्यांनी ताट निथळायला उभं केलं. "जन्मभर लोकांची घाण धुतली. पोटासाठी धुतली. पोटात कधी घातली नाही. घरी यायच्या आधी तिथेच दोनदा आंघोळ करायचो मी. तुम्हाला ठाऊक नाही. घराच्या दाराशी ती संपायची. आता घास तोंडात घेतला की चादरींचा ढीग दिसतो. एवढा मोठा. तो मिळमिळीत वास येतो, जीभ मागे सरते. प्रयत्न केला मी. नाही उतरत."

"मग दिवसभर खाता काय?"

"कोपऱ्यावर चहा-पाव. केळी."

"आणि शुक्रवारी नळी घालून घेणार होतात? काही नसताना?"

"नळीचं काय एवढं. सापडणार तर काही नाही."

"आई रात्री झोपत नाही, बाबा."

मोरीच्या जाळीत भाताची दोन शितं अडकली होती. त्यांनी ती चिमटीत उचलली, बादलीचं झाकण उघडून आत टाकली आणि हात पुन्हा साबणाने धुतले.

"सांगायचं होतं ना मला. त्याच दिवशी."

त्यांनी नळ बंद केला.

"वर्षभर तू दुपारी बारापर्यंत पांघरूण घेऊन पडायचीस," ते म्हणाले. "नोकरीचं विचारलं की भिंतीकडे वळायचीस. त्या टाक्या आल्या आणि तू सकाळी उठायला लागलीस."

हात पुसून ते आत गेले. ती मोरीच्या कठड्यावर बसली. अंधारात टाकीतून मधूनच बुडबुडा फुटल्याचा आवाज येत होता, कोणी तोंड मिटून घास घोळवावा तसा.

सकाळी तिने कॉक बंद केला आणि स्वयंपाकघरातली रबरी नळी उपसून काढली. नळीच्या तोंडाशी काळसर ओल साचली होती, ती तिच्या मनगटावरून ओघळली. माळ्यावरची जुनी विजेची शेगडी खाली काढून तिने ओट्यावर ठेवली. आई दारात उभी राहून बघत होती.

"हे काय आता?"

"तो गॅस बाहेर जाळायचा. आंघोळीच्या पाण्याला."

"आणि स्वयंपाक?"

"यावर."

आईने शेगडीवरून बोट फिरवलं, धूळ बघितली आणि फडकं ओलं करून आणलं. "सुटले बाई," पुसता पुसता ती पुटपुटली. "पातेली तीन-तीनदा घासून हात सोलवटले माझे."

"तू कधी बोलली नाहीस."

"हे म्हणाले, बोलायचं नाही."

बाबांनी त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं उकळत्या पाण्यातून काढलं. झाकणं, पळ्या, चमचेसुद्धा. दादाने बाहेर मांडलेल्या नव्या चुलीकडे बघून विचारलं, "म्हणजे आता बकासुराच्या ढेकरावर आंघोळ?"

"अंगावरून जायला हरकत नाही," बाबा आतून म्हणाले.

गुरुवारी आईने डॉक्टरांना फोन करून शुक्रवारची वेळ पुढे ढकलली. लेक अजूनही रोज सकाळी बादली उपडी करायची. साली, चोथा, पानं. काडीने तळापर्यंत ढवळायची, मग काला करून टाकीत ओतायची. त्या वासाने आता तिलाही मळमळायचं. ती तोंडाने श्वास घ्यायची आणि काम उरकायची.

रविवारी तिने अंगणातल्या चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं चढवलं, काडी ओढली आणि घड्याळ पाहिलं. खिडकीतून आईची हाक आली.

"अगं, भात संपला. तुला पाव चालेल ना?"

"चालेल."

ज्योत आधी निळी होती, मग तिला पिवळं टोक आलं, मग ती पातेल्याच्या बुडाखाली चाचपडत विझली. तिने पुन्हा घड्याळ पाहिलं.

एकोणतीस मिनिटं.