पाळणाघरातली बाई

"हे लेकरू कोणाचं?" वाशीमहून आलेल्या कस्तुरचंदजींनी पंगतीकडे बोट दाखवलं, तेव्हा पंचफुलाचा हात सुकडीच्या घमेल्यातच थांबला.

"माहंच हाय जी," ती म्हणाली. "अंजना."

त्र्याहत्तर साली केनवडच्या अलीकडे दुष्काळी कामावर बायका गिट्टी फोडत होत्या. त्यांच्या पोरांसाठी सरकारने पाळणाघर मंजूर केलं आणि चालवायला दिलं कस्तुरचंदजींच्या संस्थेला. संस्थेने एक ताडपत्री दिली आणि एक पंचफुला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! पाणी भरणं, सुकडीचा सरकारी खाऊ वाटणं, जुलाब निस्तरणं, सगळं तिच्याच माथी. वर ऐकवायचे की बाई, ही नोकरी नाही, सेवा आहे. आणि सेवेला रजा नसते.

स्वतःची तीन वर्षांची पोर मात्र ती घरी ठेवून बाहेरून कडी लावून येई. नवरा काम शोधायला गेला तो परतला नव्हता आणि शेजारपाजार सगळा गिट्टीवर. पोर वाळत चालली, म्हणून त्या दिवशी तिने सोबत आणली होती.

कस्तुरचंदजी वाईट नव्हते. त्यांनी आवाजही चढवला नाही. सुकडी मजुरांच्या लेकरांसाठी आहे, तपासणीत कोणी पाहिलं तर पाळणाघरच बंद पडेल, एवढंच समजावलं. मग अंजनाला हाताला धरून पंगतीतून उठवलं. पंचफुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते गेल्यावर ती मुकादम भाऊसिंगकडे गेली.

"भाऊ, मले गिट्टीवर घ्या."

"शिकेलसवरेल बाई तू. कायले हात फोडून घेतं?"

"मजुराचं लेकरू पंगतीत बसते ना? मंग मले मजूर करा."

भाऊसिंगने तिचं नाव हजेरीत घातलं आणि पाळणाघराला दुसरी बाई पाठवा, असा निरोप संस्थेकडे धाडला.

दुसऱ्या दिवशी तिने अंजनाला उजळ माथ्याने ताडपत्रीखाली बसवलं. संस्थेची नवी बाई काही आली नाही. घमेलं पालथंच राहिलं. ऊन चढलं तशी पोरं रडू लागली आणि बायका हातोडी थांबवून पंचफुलाकडे पाहू लागल्या. उठावं तर हजेरी जाणार आणि हजेरीबरोबर पोरीची जागा. ती खाली मान घालून फोडत राहिली. एकेक रडणं तिच्या ओळखीचं होतं. हा चतुराबाईचा धाकटा, ही रामधनची जुळी.

अंजनाचा आवाज त्यात नव्हता. तिला एकटं बसायची सवय होती.